कॅनडा : एक मितभाषी राष्ट्र



राष्ट्राभिमान म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर पताका, चौघडे, रणांत पडलेले वीर आणि एखाद्या जुन्या विजयाचा दिवस उभा राहतो. ज्या देशापाशीं असलें सामान थोडें आहे, आणि जें आहे त्यांतलेंहि पुष्कळसें दुसऱ्या कोणाच्या तरी नांवावर जमा झालेलें आहे, अशा देशाला स्वतःचा अभिमान वाटतो तरी कशाचा, हा प्रश्न मला नेहमीं कुतूहलाचा वाटत आला आहे. कॅनडा हा असा देश आहे. आणि त्याच्या अभिमानाचीं स्थानें कोणतीं, त्यांपैकीं कोणतीं खरीं आणि कोणतीं डागाळलेलीं, हें आज आपणांपुढें मांडावें असा माझा विचार आहे.

क्षेत्रफळाच्या दृष्टीनें पाहिलें तर रशियाच्या खालोखाल कॅनडाचाच क्रम लागतो. जवळजवळ ९९ लक्ष ८५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या सुमारें तिप्पट अशी ती भूमि. माणसें मात्र चार कोटींच्या आसपास. आपल्या एकट्या महाराष्ट्रांत २०११ च्या शिरगणतींत सव्वाअकरा कोटी भरलीं होतीं! त्यांतहि बहुतेक वस्ती दक्षिणेकडील सीमेच्या काठाकाठानें, थंडींत शेकोटीभोंवतीं माणसें जमावीं तशी दाटलेली. आणि त्या सीमेपलीकडे कोण, तर आठपटीहून अधिक लोकवस्तीचें, तीच भाषा बोलणारें, तींच गाणीं गाणारें आणि जगांतील सर्वांत धनाढ्य असें अमेरिकेचें संयुक्त राज्य. ही सीमा ८,८९१ किलोमीटर लांब असून तिच्यावर कोठेंहि लष्कराचा पहारा नाहीं. शेजारी शत्रु असेल तर स्वत्व टिकविणें एका परीनें सोपें जातें. शेजारी मित्र असून प्रचंड असेल तर तें काम फार अवघड होतें. कॅनडाच्या साऱ्या सांस्कृतिक धडपडीची किल्ली या एका गोष्टींत आहे.

देशाचें नांवच पाहा. १५३५ सालीं झाक कार्तिये हा फ्रेंच दर्यावर्दी सेंट लॉरेन्स नदींतून आंत शिरला, तेव्हां तेथील रहिवाशांनीं आपल्या वस्तीकडे बोट दाखवून ‘कनाटा’ असा शब्द उच्चारला. कनाटा म्हणजे गांव, खेडें. त्या पाहुण्यानें तेंच साऱ्या मुलुखाचें नांव समजून लिहून घेतलें, आणि एका खेड्याचें नांव खंडप्राय देशाला कायमचें चिकटलें. इतकें निगर्वी नांव दुसऱ्या एखाद्या मोठ्या राष्ट्राला असेल असें मला वाटत नाहीं.

त्यांच्या विनोदाचाहि एक मासला सांगतों. पीटर ग्झोव्स्की हे तेथील नभोवाणीवरचे मोठे लोकप्रिय वक्ते होऊन गेले. ‘अमक्यासारखा अमेरिकन’ अशी इंग्रजींत एक म्हण आहे. तिच्या धर्तीवर ‘अमक्यासारखा कॅनेडियन’ ही म्हण पुरी करा, अशी स्पर्धा १९७२ च्या सुमारास त्यांनीं आपल्या श्रोत्यांसाठीं ठेवली. कोणी अस्वल सुचवावें, कोणी बर्फ सुचवावें, अशी अपेक्षा. बक्षीस मिळालें तें एका विद्यार्थिनीच्या उत्तराला. आणि तें उत्तर होतें : ‘परिस्थितींत जितकें शक्य असेल तितका कॅनेडियन.’ या वाक्याला सारा देश हंसला, आणि पन्नास वर्षें होऊन गेलीं तरी तें विसरलेला नाहीं. स्वतःला असें हंसतां येणें हा न्यूनगंड नव्हे. ज्याला न्यूनगंड असतो त्याच्या तोंडून असलें वाक्य निघतच नाहीं.

कॅनडाचें राज्य १ जुलै १८६७ रोजीं चार प्रांतांच्या एकीकरणानें जन्मास आलें. पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत १८७१ सालीं त्यांत सामील झाला, तो एका अटीवर : दहा वर्षांत पूर्वेकडून आगगाडी आणून द्या. मधें रॉकी पर्वत, शेंकडों मैलांचे खडक, दलदली आणि निर्मनुष्य गवताळ माळ. दहांचीं चौदा वर्षें झालीं, पण ७ नोव्हेंबर १८८५ रोजीं क्रेगेलाकी नामक आडरानांतील ठिकाणीं रुळाचा शेवटचा खिळा ठोकला गेला. अमेरिकेनें १८६९ सालीं आपल्या अशाच लोहमार्गाच्या समाप्तीस सोन्याचा खिळा वापरला होता. कॅनडाचा खिळा साधा लोखंडी. डोनल्ड स्मिथ या वृद्ध गृहस्थांनीं ठोकलेला पहिला खिळा तर वाकला, आणि दुसरा घ्यावा लागला. भाषण करण्याची विनंती झाली तेव्हां व्यवस्थापक व्हॅन हॉर्न यांनीं काम सर्व प्रकारें चांगलें झालें आहे, एवढें एकच वाक्य उच्चारून खालीं पाहिलें म्हणतात. मला हा प्रसंग फार आवडतो. परंतु त्या प्रसंगाचें जें प्रसिद्ध छायाचित्र आहे त्यांत एक उणीव आहे. पर्वतांतील अति धोक्याचें काम ज्यांच्याकडून करून घेतलें, ज्यांतील शेंकडों सुरुंगांनीं, दरडींनीं आणि रोगांनीं मेले, त्या सुमारें १५ हजार चिनी मजुरांपैकीं एकाचाहि चेहरा त्यांत दिसत नाहीं. त्याच सालीं देशांत येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर ५० डॉलरांचा डोईपट्टीचा कर बसला. १९०३ पर्यंत तो ५०० डॉलरांवर गेला. या गोष्टीकडे पुढें पुन्हां वळावें लागेल.

लोहमार्गानें देश बांधला, पण माणसें बांधलीं तीं नभोवाणीनें, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत कॅनडांतील घरोघरच्या यंत्रांतून बहुधा सीमेपलीकडचे आवाज ऐकूं येत. साबणाच्या जाहिराती त्यांच्या, नाटकें त्यांचीं, बातम्या त्यांच्या. ग्रॅहॅम स्प्राय आणि ॲलन प्लाँट या दोन तरुणांनीं १९३० सालीं एक संघ काढून लोकांपुढें प्रश्न टाकला : आपल्या लहरी आपल्या राष्ट्राच्या ताब्यांत असाव्या कीं शेजारच्या राष्ट्राच्या? १९३२ सालीं सरकारी आयोग आला, आणि २ नोव्हेंबर १९३६ रोजीं कॅनेडियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनची स्थापना झाली. आपल्याकडील ध्वनिक्षेपण खात्यास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव त्याच वर्षीं जून महिन्यांत मिळालें, हें श्रोत्यांस ऐकून गंमत वाटेल.

त्याच वर्षींच्या एप्रिलांत नोव्हा स्कोशिया प्रांतांतील मूस रिव्हर येथील सोन्याची खाण ढासळून तीन माणसें आंत अडकलीं. जे. फ्रँक विलिस नांवाचा निवेदक ध्वनिक्षेपक घेऊन खाणीच्या तोंडाशीं उभा राहिला आणि दोन दिवसांहून अधिक काळ दर अर्ध्या तासाला दोनतीन मिनिटें, बाकी कांहीं न करतां, खालीं काय चाललें आहे तें सांगत राहिला. थंडी, चिखल, खोदणाऱ्यांचे श्रम, पुन्हां ढासळलेली माती. नाटकीपणा नाहीं, आवाज चढविणें नाहीं. सारा कॅनडा आणि अमेरिकेंतील शेंकडों केंद्रें तो आवाज ऐकत होतीं. अखेर दोघे जिवंत बाहेर आले, एक आंतच मरण पावला. तीन अनोळखी माणसांसाठीं एक विशाल देश एकाच वेळीं श्वास रोखून बसला, असा तो बहुधा पहिलाच अनुभव.

पुढें १९५८ सालीं उत्तर ध्रुवाकडील प्रदेशासाठीं निराळी सेवा निघाली, आणि इन्यूइट लोकांच्या भाषेंतहि ध्वनिक्षेपण होऊं लागलें. देशांत सहा निरनिराळ्या वेळा चालतात. न्यूफाउंडलंड हें बेट १९४९ सालीं कॅनडांत आलें, तें आपली अर्ध्या तासाची वेळ बरोबर घेऊनच. त्यामुळें प्रत्येक कार्यक्रमाच्या घोषणेला ‘न्यूफाउंडलंडांत अर्धा तास उशिरा’ हें शेपूट लागतें, आणि त्यावर शेंकडों विनोद झाले आहेत. आपलें घड्याळहि ग्रिनिचच्या हिशोबांत अर्ध्या तासावरच अडलेलें असल्यामुळें आपल्याला त्यांत हंसण्यासारखें कांहीं वाटूं नये!

आतां निशाणाची कथा. ती थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे.

१९५६ सालीं सुएझच्या कालव्यावरून इंग्लंड, फ्रान्स आणि इस्रायल यांनीं इजिप्तवर स्वारी केली, तेव्हां कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनीं संयुक्त राष्ट्रांपुढें अशी सूचना मांडली कीं, लढणाऱ्यांच्या मधें तिऱ्हाईत राष्ट्रांचें एक शांतिसैन्य उभें करावें. सूचना मान्य झाली. आपल्या भारताचे जवानहि त्या सैन्यांत होते. पिअर्सन यांना १९५७ चें नोबेल शांतिपारितोषिक मिळालें. परंतु या यशांत एक कांटा होता. कॅनडानें आपली जी पलटण पाठवावयाचें ठरविलें तिचें नांव ‘क्वीन्स ओन रायफल्स’, तिचा गणवेश इंग्रजी धर्तीचा आणि निशाणाच्या कोपऱ्यांत इंग्लंडचा युनियन जॅक. इजिप्तनें आक्षेप घेतला : ज्यांच्याशीं आम्ही लढत आहों, त्यांच्यासारखेच दिसणारे हे शिपाई मध्यस्थ कसे? ज्या राष्ट्रानें ती कल्पना काढली त्याच्याच पलटणीला मागें राहावें लागलें, आणि दळणवळणाचीं व वाहतुकीचीं पथकें तेवढीं गेलीं. पिअर्सन यांच्या मनांत ही गोष्ट रुतून बसली असली पाहिजे.

१९६३ सालीं ते मुख्य प्रधान झाले. १९६४ च्या मे महिन्यांत विनिपेग येथें माजी सैनिकांच्या संमेलनापुढें जाऊन त्यांनीं सांगितलें कीं, कॅनडाला स्वतःचें निशाण हवें. सभा निवडण्यांतच त्यांचें धैर्य होतें, कारण समोर बसलेले लोक दोन महायुद्धांत जुन्या लाल निशाणाखालीं लढले होते आणि त्यांचे सोबती त्याच निशाणाखालीं पुरले गेले होते. त्यांनीं पिअर्सन यांची हुर्यो केली. या लोकांचा विरोध मला क्षुद्र वाटत नाहीं. १९१७ च्या एप्रिलांत फ्रान्समधील विमीच्या टेकडीवर कॅनडाच्या चारहि डिव्हिजन पहिल्यानेंच एकत्र लढल्या आणि साडेतीन हजारांवर माणसें तेथें पडलीं. त्या स्मृतीला ‘परकी’ म्हणणें सोपें नव्हतें. विरोधी पक्षाचे नेते डीफेनबेकर यांनीं हीच बाजू घेऊन लोकसभा सहा महिने तापवीत ठेवली. पंधरा सभासदांची समिति बसली. तिच्यापुढें लोकांकडून तीन हजारांहून अधिक नमुने आले. त्यांत बीव्हर होते, बदकें होतीं, तारे होते. पिअर्सन यांची स्वतःची आवड तीन पानांच्या आणि निळ्या पट्ट्यांच्या नमुन्याला. विरोधकांनीं डाव असा टाकला कीं, सरकारपक्ष तीन पानांना मत देणार, म्हणून आपण एका पानाला द्यावें, म्हणजे समितींत फूट दिसेल. परंतु सरकारपक्षानेंहि एका पानालाच मतें दिलीं, आणि निकाल एकमतानें लागला! १५ डिसेंबर १९६४ च्या मध्यरात्रीनंतर लोकसभेनें १६३ विरुद्ध ७८ मतांनीं तें निशाण मान्य केलें, आणि १५ फेब्रुवारी १९६५ रोजीं ओटावा येथें तें प्रथम फडकलें : पांढऱ्या चौकोनावर मेपल वृक्षाचें लाल, अकरा टोकांचें एकच पान.

इतकें भांडून मिळालेलें निशाण एका पिढींत इतकें आपलेसें होतें, याचें नवल वाटतें. त्यांत राजा नाहीं, धर्म नाहीं, शस्त्र नाहीं, भाषाहि नाहीं. आणि हें शेवटचें फार महत्त्वाचें, कारण त्या देशांत भाषा हाच सर्वांत नाजूक विषय आहे.

दर पांच कॅनेडियन माणसांत एकाची मातृभाषा फ्रेंच. क्वेबेक हा त्यांचा प्रांत. १७५९ सालीं क्वेबेक शहराबाहेरील मैदानांत इंग्रजांनीं फ्रेंचांचा पराभव केला. पण १७७४ च्या कायद्यानें जितांना त्यांचा कॅथॉलिक धर्म आणि फ्रेंच दिवाणी कायदा राखूं दिला. या प्रांताचें ब्रीदवाक्य ‘मला स्मरण आहे’ अशा अर्थाचें असून तें तेथील प्रत्येक मोटारीच्या पाटीवर छापलेलें असतें. कशाचें स्मरण, तें लिहिलेलें नाहीं. ज्याला कळावयाचें त्याला कळतें. १९७० सालीं अतिरेक्यांनीं प्रांताच्या एका मंत्र्याचा खून केला तेव्हां हें स्मरण रक्ताळलें. पुढें मात्र प्रश्न मतपेटीवरच सोडण्यांत आला. १९८० सालीं फुटून निघण्याचा पक्ष सपशेल हरला. १९९५ सालीं शेंकडा ९३ हून अधिक मतदारांनीं मतें दिलीं, आणि देश एकत्र राहिला तो शेंकडा ५०.५८ विरुद्ध ४९.४२ अशा फरकानें. सारी मिळून ५४ हजार मतें इकडचीं तिकडे! भाषेसाठीं झगडून १९६० सालीं आपलें राज्य मिळविणाऱ्या मराठी माणसाला क्वेबेकच्या मनाची कल्पना इतरांहून लवकर येईल.

राष्ट्रगीताचा प्रकार तर याहून मौजेचा. त्याची चाल कालिक्सा लाव्हाले यांची आणि मूळ शब्द रूथिये यांचे. १८८० सालीं फ्रेंच लोकांच्या सणासाठीं तें रचलें गेलें. इंग्रजी शब्द १९०८ सालीं रॉबर्ट वेयर यांनीं लिहिले, पण तें भाषांतर नव्हे, निराळेंच गीत होय. अधिकृत मान्यता मिळाली ती शंभर वर्षांनीं, १९८० सालीं. म्हणजे एकाच सभेंत, एकाच चालीवर, दोन माणसें शेजारीं उभीं राहून दोन भिन्न अर्थांचीं गीतें गातात, आणि शेवटीं एकाच वेळीं थांबतात.

या दोघांना खरोखर एकत्र आणणारा असेल तर तो हिंवाळा. घरामागील अंगणांत बाप रात्रीं नळीनें पाणी सोडतो, सकाळीं त्याचा बर्फ होतो आणि मुलें त्यावर घसरत हॉकी खेळतात. बंद सभागृहांत नियमांनीं खेळलेला पहिला सामना १८७५ सालीं माँट्रिऑल येथें झाला. फॉस्टर ह्युइट यांचा आवाज शनिवारच्या रात्रीं नभोवाणीवरून या खेळाचें वर्णन करूं लागला, तेव्हां शेतावरच्या एकाकी घरांतून लोक त्याची वाट पाहात. १९७२ सालीं रशियाविरुद्ध आठ सामन्यांची मालिका झाली. मॉस्कोंतील शेवटच्या सामन्यांत ३४ सेकंद उरले असतां पॉल हेंडरसन यांनीं केलेला गोल त्या पिढींतील प्रत्येकाला आठवतो. रॉक कारिये यांची एक छोटी कथा आहे : माँट्रिऑल संघाच्या भक्तीनें वेड्या झालेल्या क्वेबेकांतील एका फ्रेंच मुलाला टपालानें चुकून टोरोंटो संघाचा सदरा येतो, आणि त्याच्या आयुष्याचा सत्यानाश होतो! या कथेंतील ओळी तेथील सरकारनें एके काळीं पांच डॉलरांच्या नोटेवर छापल्या होत्या. नोटेवर राजकन्या छापतात, सेनापति छापतात. मुलाच्या सदऱ्याची फजिती छापणारें सरकार मला प्रिय वाटतें.

आणि २०२५ सालीं शेजारच्या राष्ट्राध्यक्षांनीं कॅनडानें आमचें ५१ वें राज्य व्हावें अशी भाषा वारंवार काढली, जकातीचा बडगा उगारला, तेव्हां या अबोल लोकांचा अभिमान एकदम कसा उसळला तें साऱ्या जगानें पाहिलें. निशाणाच्या साठाव्या वाढदिवशीं तें घराघरावर लावा, असें निरनिराळ्या पक्षांच्या पांच माजी मुख्य प्रधानांनीं मिळून सांगितलें. त्याच आठवड्यांत, २० फेब्रुवारीला, बोस्टन येथें हॉकीच्या अंतिम सामन्यांत कॅनडानें अमेरिकेला ३ विरुद्ध २ असें हरविलें. खेळच तो, परंतु त्या रात्रीं तो नुसता खेळ राहिला नव्हता.

हिंवाळ्याच्या शेवटीं मेपलचा हंगाम येतो. रात्रीं गोठविणारी थंडी आणि दिवसा किंचित् ऊब, असे जे थोडे आठवडे मिळतात त्यांतच झाडांत रस चढतो. खोडाला भोंक पाडून तो गोळा करावयाचा. पूर्वीं टांगलेल्या बादल्यांतून, आतां नळ्यांच्या जाळ्यांतून. ही विद्या तेथील मूळ रहिवाशांची. रस पाण्यासारखा पातळ, जिभेला जेमतेम गोड लागणारा. चाळीस लिटर रस आटवावा तेव्हां एक लिटर पाक उतरतो. आपल्याकडे गुऱ्हाळावर रसाची काहील चढते, काकवीचा वास शिवारभर पसरतो, पोरें ताटल्या घेऊन भोंवतीं जमतात. तसाच देखावा क्वेबेकच्या रानांतील साखरझोंपड्यांतून दिसतो. फरक इतकाच कीं, तेथें गरम पाक स्वच्छ बर्फावर ओततात आणि त्याची चिकी होऊं लागली कीं काडीला गुंडाळून खातात. जगांतील बहुतेक मेपल पाक एकट्या क्वेबेकांत होतो, आणि धान्याचीं कोठारें असावीं तशीं पाकाचीं कोठारें तेथील उत्पादकसंघानें ठेविलीं आहेत. २०११-१२ मध्यें त्यांतून सुमारें ३ हजार टन पाक चोरीस गेला. इतकी गोड चोरी इतिहासांत दुसरी झाली नसेल.

पण मला विचाराल तर कॅनडाच्या अभिमानाची खरी परीक्षा २००४ सालीं झाली. सर्वांत थोर कॅनेडियन कोण, असा प्रश्न त्यांच्या राष्ट्रीय दूरदर्शनानें प्रेक्षकांना विचारला. इंग्लंडांत दोन वर्षांपूर्वीं असाच प्रश्न निघाला होता आणि लोकांनीं चर्चिलचें नांव घेतलें होतें. कॅनडानें निवडलें तें टॉमी डग्लस यांना. हे कोण? स्कॉटलंडांत १९०४ सालीं जन्मलेले, लहानपणीं विनिपेगला आलेले एका कामगाराचे चिरंजीव. पायाच्या हाडाला रोग लागला. पैसे नव्हते, म्हणून पाय कापण्यापर्यंत पाळी आली. एका शस्त्रवैद्यानें विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या निमित्तानें फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वांचला. मोठेपणीं हा मुलगा धर्मोपदेशक झाला, मग राजकारणांत शिरला आणि १९४४ पासून १९६१ पर्यंत सॅस्कॅचेवान या शेतकऱ्यांच्या प्रांताचा मुख्य प्रधान होता. मुलाचा पाय राहावा कीं जावा हें डॉक्टरच्या लहरीवर आणि बापाच्या खिशावर अवलंबून असूं नये, हा त्यांचा एकच हट्ट. १९४७ सालीं इस्पितळाचा खर्च प्रांतानें उचलला. १९६२ च्या १ जुलैला वैद्यकीय उपचारांचाहि विमा सुरू झाला, तेव्हां प्रांतांतील डॉक्टरांनीं २३ दिवस संप केला. सरकार डगमगलें नाहीं. १९६६ सालीं पिअर्सन यांच्या सरकारनें तीच योजना साऱ्या देशासाठीं कायद्यांत आणली. त्या व्यवस्थेंत आज उणिवा आहेत, शस्त्रक्रियेसाठीं महिनोन्महिने खोळंबावें लागतें, आणि तेथील लोक त्याविषयीं सतत कुरकुरतात. परंतु ती मोडा, असें म्हणणारा पुढारी तेथें निवडून येणें कठीण.

त्या यादींत दुसरा क्रमांक टेरी फॉक्स या तरुणाचा. कर्करोगानें एक पाय गेलेला असतां, १९८० सालीं तो कृत्रिम पायानें देशाच्या पूर्व टोकापासून रोज जवळजवळ मॅरेथॉनएवढें अंतर धांवत निघाला. १४३ दिवसांनीं, ५,३७३ किलोमीटरांवर, रोग फुप्फुसांत पोंचल्यामुळें त्याला थांबावें लागलें. पुढच्या वर्षीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, तो वारला. चौथा क्रमांक फ्रेडरिक बँटिंग यांचा. टोरोंटोंत त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं शोधलेलें इन्शुलिन ११ जानेवारी १९२२ रोजीं चौदा वर्षांच्या मुलाला प्रथम टोंचलें गेलें. त्याचा हक्क शोधकांनीं विद्यापीठाला एकेका डॉलरला विकला. मधुमेह ज्यांच्या घरांत आहे, आणि आपल्यांत कोणाच्या नाहीं, त्यांनीं या व्यवहाराची किंमत स्वतःच करावी.

आतां डागांकडे वळूं. मित्राच्या घरीं गेलों म्हणून भिंतीवरची भेग दिसूं नये असें नाहीं. आणि यांतील एक भेग आपल्याच माणसांच्या रक्तानें भरलेली आहे. २३ मे १९१४ रोजीं ‘कोमागाता मारू’ ही आगबोट ३७६ हिंदी प्रवासी घेऊन व्हँकूव्हर बंदरांत आली. त्यांत बहुतेक शीख. मायदेशापासून मधें न थांबतां सरळ प्रवास करून येणाऱ्यांनाच प्रवेश, असा १९०८ चा नियम होता, आणि हिंदुस्थानांतून तशी सरळ बोट निघतच नव्हती! दोन महिने बोट बंदरांत उभी राहिली. अन्नपाण्याचे हाल झाले. आधींच्या रहिवाशांपैकीं मोजके लोक उतरूं दिले आणि बाकीच्यांसह ती परत लोटण्यांत आली. कलकत्त्याजवळ बजबज येथें इंग्रज सरकारच्या गोळीबारांत त्यांपैकीं कित्येक मेले. कॅनडांतील हिंदी लोकांना मताधिकार मिळाला तो १९४७ सालीं. २००० सालीं त्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे मुख्य प्रधान उज्ज्वल दोसांझ झाले. बोट हांकून लावण्यांत ज्या पलटणीचा हात होता तिचें नेतृत्व पुढें हरजित सज्जन या शीख अधिकाऱ्यानें केलें आणि ते देशाचे संरक्षणमंत्री झाले. १८ मे २०१६ रोजीं मुख्य प्रधानांनीं लोकसभेंत उभें राहून माफी मागितली.

चिनी डोईपट्टीची माफी २००६ सालीं मागितली गेली. मूळ रहिवाशांच्या सुमारें दीड लक्ष मुलांना आईबापांपासून तोडून ज्या वसतिशाळांत घातलें, जेथें त्यांची भाषा हिरावून घेतली आणि कित्येक तेथेंच मेलीं, त्यांची माफी २००८ सालीं. आणि १९८५ च्या २३ जूनला ‘कनिष्क’ विमान बाँबनें आयर्लंडजवळ समुद्रांत पडून ३२९ माणसें मेलीं, त्यांत २६८ कॅनडाचे नागरिक होते. तरी त्या वेळच्या मुख्य प्रधानांनीं समाचाराचा दूरध्वनि केला तो राजीव गांधींना. आपलींच माणसें मेलीं आहेत हें ध्यानांत येण्यास त्या राष्ट्राला फार वर्षें लागलीं. सरकारनें त्या कुटुंबांची क्षमा मागितली २०१० सालीं. इतक्या माफ्या हें दुबळेपणाचें लक्षण आहे असें म्हणणारे तेथेंहि आहेत. मला तसें वाटत नाहीं. फक्त प्रत्येक माफी अपराध्यांच्या हयातींत आली असती तर बरें झालें असतें.

आपल्या मुंबईचे रोहिंटन मिस्त्री १९७५ सालीं टोरोंटोस गेले. त्यांची १९९१ ची पहिली कादंबरी पारशी वाडींतल्या एका बँक कारकुनाची. तिच्यांत कॅनडाचें बर्फ नांवालाहि नाहीं. तिला कॅनडानें आपलें सर्वोच्च वाङ्मयीन पारितोषिक दिलें. मुंबईची कथा ती आमचीच कथा, असें म्हणणाऱ्या राष्ट्राचें मन १९१४ पासून किती हललें, हें यावरून दिसतें.

पण स्वतःच्या माणसांना ओळखण्यास हा देश कधीं कधीं फार वेळ लावतो. नॉर्मन बेथ्यून हे ऑन्टेरिओंतील ग्रेव्हनहर्स्ट या लहान गांवीं १८९० सालीं जन्मले. स्पेनच्या युद्धांत रक्त आघाडीवर पोंचविणारें फिरतें पथक त्यांनीं काढलें, आणि १९३८ सालीं ते चीनमध्यें गेले. शस्त्रक्रिया करतांना बोट कापलें, रक्त दूषित झालें, आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं ते वारले. चीनमध्यें मुलेंसुद्धां त्यांचें नांव घेत. कॅनडांत, ते साम्यवादी म्हणून, त्यांचें नांव सरकारदरबारीं निघत नसे. चीनशीं १९७० सालीं संबंध जुळल्यावर, १९७२ सालीं, त्यांना राष्ट्रीय महत्त्वाची व्यक्ति ठरविण्यांत आलें आणि त्यांचें जन्मघर स्मारक झालें.

त्यांच्या नांवानें चीनमध्यें जें शांति-इस्पितळ निघालें त्याचे पहिले प्रमुख सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. काँग्रेसनें १९३८ सालीं पाठविलेल्या पांच डॉक्टरांपैकीं ते एक. बेथ्यून यांनीं जेथें काम सोडलें तेथें कोटणिसांनीं तें उचललें, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, तेहि तेथेंच वारले. शिज्याच्वांग शहरांतील हुतात्म्यांच्या एकाच उद्यानांत हा ऑन्टेरिओचा डॉक्टर आणि हा सोलापूरचा डॉक्टर विसांवले आहेत, आणि शेजारच्या शाळांतील मुलें वसंत ऋतूंत दोघांच्याहि समाधीवर फुलें वाहतात.